जवाईबापूंची झाकलेली रेघ

गोंदियात धानाच्या मिलची यंत्रं बनवणारे कारखाने बरेच आहेत, पण श्यामलाल सेठच्या कारखान्यातून निघालेलं ड्रॉइंग फिटर लोक लांबून ओळखतात. त्यावर रेघाच फार. यंत्र असतंच, पण यंत्राच्या आरपार, वरून, खालून, कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तुटक रेघा गेलेल्या असतात आणि प्रत्येक रेघेवर ती कशाची आहे ते लिहिलेलं असतं. नवं गिऱ्हाईक विचारतं, हे यंत्र आहे की खाटेची सुतळी? सेठ कपाळाला हात लावतो. ज्यानं ते काढलं तो टिकेश कटरे मात्र मान खाली घालून म्हणतो, राहू द्या जी, कामाच्या आहेत.

हाच टिकेश एके काळी साफ ड्रॉइंगसाठी गावभर नावाजलेला होता, हे आज सांगितलं तर कुणाला पटणार नाही. माणूस इतका उलटा कसा फिरला याच्या दोन-तीन गोष्टी कारखान्यात सांगतात. कुणी म्हणतं डोळे गेले, कुणी म्हणतं म्हातारपण आलं. चाळिशीही न ओलांडलेल्या माणसाला म्हातारा म्हणायला आपल्या लोकांना काही लागत नाही. खरी गोष्ट अशी आहे की त्याला लाज वाटते, आणि ती कुठं ठेवावी हे त्याला कळत नाही.

टिकेश तिरोड्याच्या अलीकडच्या एका खेड्यातला, पोवार शेतकऱ्याचा मुलगा. एकोणीसशे नव्याण्णव साली आयटीआयमधून ड्राफ्ट्समन होऊन निघाला आणि वर्ष-दोन वर्षांत श्यामलाल सेठकडं लागला. तेव्हा काम लाकडी बोर्डावर, पेन्सिलीनं. ड्रॉइंगचं असं असतं की यंत्र काढायच्या आधी जे यंत्रात नाही ते काढावं लागतं. शाफ्ट जिथून जाणार ती मधली रेघ, जमिनीची पातळी, भिंतीची बाजू. लोखंडात या रेघा कुणी कापत नाही, पण मापं सारी त्यांच्यापासूनच धरायची. गवंडी भिंत रचताना सूत बांधतो ना, तसंच. टिकेशनं आपलं पहिलं ड्रॉइंग काढलं ते या सगळ्या रेघांसकट, आणि मोठ्या हौसेनं सेठच्या टेबलावर मांडलं. बालाघाटहून आलेला एक मिलवाला समोर बसला होता. त्यानं कागद उचलला, उलटा धरला, सुलटा धरला आणि म्हणाला, "सेठजी, यह मशीन है या मकड़ी का जाला?" सगळे हसले. चहा घेऊन आलेलाही हसला. सेठनं गिऱ्हाइकाच्या देखत टिकेशला झापलं आणि कागद त्याच्या अंगावर टाकला.

एवढ्यानं माणूस मरत नाही. दुसरा असता तर संध्याकाळपर्यंत विसरला असता. पण टिकेशची कातडी जन्माची पातळ. त्या दिवसापासून त्यानं खोडरबर जो हातात धरला तो सोडला नाही. ड्रॉइंग झालं की आधाराच्या सगळ्या रेघा पुसायच्या, फुंकर मारायची, रुमाल फिरवायचा आणि मगच कागद दुसऱ्याच्या हातात द्यायचा. मागं कष्ट दिसता कामा नयेत, नुसतं यंत्र दिसलं पाहिजे, असं त्याचं ठरलं.

दोन हजार पाचच्या सुमाराला कारखान्यात संगणक आला आणि टिकेशला घबाडच सापडलं. नागपूरला क्लास करून तो नवा प्रोग्राम शिकून आला. त्यात आधी हवेतल्या हवेत पातळ्या आणि रेघा उभ्या करायच्या आणि त्यांच्यावर यंत्र चढवत न्यायचं. प्रत्येक रेघेच्या नावापुढं डोळ्याचं लहानसं चित्र. त्यावर टिचकी मारली की डोळा मिटतो आणि रेघ दिसेनाशी होते. पुसली जात नाही. आत तशीच असते, यंत्र तिलाच धरून उभं असतं, फक्त बघणाऱ्याला कळत नाही. खोडरबराचा कचरा नाही, फुंकर नाही. टिकेश काम संपवून एकेक डोळा मिटत जायचा आणि पडद्यावर यंत्र न्हाऊन-माखून उभं राहायचं. गिऱ्हाईक वा म्हणायचं. सेठ त्याला आता "अपना आर्टिस्ट" म्हणू लागला. टिकेशही थोडा फुगला. "माह्या नक्शात जे दिसत नाही ते नसतेच," असं तो म्हणायचा. फार मोठं बोलणं होतं ते.

मध्यंतरी त्याचं लग्न झालं. बायको दुलारी, मोहटोल्याच्या ईश्वरदास पटल्यांची मुलगी. आपल्याकडं एका घरचा जावई तो साऱ्या गावाचा जावई. टिकेशची मोटरसायकल मोहटोल्याच्या शिवेत शिरली की आंब्याखाली बसलेले म्हातारे उठून उभे राहत. दारात पाय ठेवला की कुणीतरी वडीलधारं पितळी लोटा घेऊन येणार, जावयाचे पाय धुणार, आणि मग जावई घरात. पहिल्यांदा टिकेशला कसंतरीच झालं, मग सवय झाली. चांगल्या गोष्टींची सवय लवकर होते. दुसरी रीत अशी की जावयाला नावं ठेवायची नाहीत. एकदा याच्या मोटरसायकलनं गावातल्या सेवकरामच्या अंगणातला रांजण फोडला, तर हात सेवकरामनंच जोडले. म्हणाला, चुकलं जी, रांजण तुमच्या वाटेत ठेवला.

दुलारीच्या माहेरी शेजारच्याच घरात बकाराम राहायचा. थोडी धानाची शेती, बायको पुष्पाबाई आणि एकच मुलगी, सोनिका. पोरगी हुशार. तिनंही आयटीआय केलं, पुढं संगणकावरचं ड्रॉइंग शिकली. दुलारी नवऱ्याच्या मागं लागली की माझ्या बहिणीसारखी आहे, तुमच्या कारखान्यात लावा. टिकेशनं सेठकडं शब्द टाकला आणि सोनिका लागली. रोज सकाळच्या गाडीनं गोंदियाला यायची, संध्याकाळच्या गाडीनं जायची. कारखान्यात त्याला सर म्हणायची, दुलारीच्या घरी आली की भाऊजी. कामाला पक्की होती. तिची एकच सवय टिकेशला खटकायची: ती विचारायची फार. हे माप कुठून धरलं, हे मधोमध आहे की बाजूला? टिकेश म्हणायचा, पाहिलं की कळते. कळायचं त्याला, कारण डोळे त्यानंच मिटलेले असायचे.

दोन हजार नऊ साली ईश्वरदासांनी गावात छोटी मिल टाकायची ठरवली. यंत्रं जावयाच्या कारखान्यातून घ्यायची, हे सांगायलाच नको. टिकेश स्वतः जाऊन शेडची मापं घेऊन आला. खालच्या खड्ड्यातून धान वर उचलून चाळणीवर टाकणारा एक उभा लोखंडी खोका असतो, त्याच्या आत पट्ट्यावर डबे बसवलेले असतात. त्याला एलेवेटर म्हणतात. शेडमध्ये एक जुना खांब आडवा येत होता, म्हणून टिकेशनं हुशारी केली. एलेवेटरचा शाफ्ट खोक्याच्या मधोमध न ठेवता चार बोटं बाजूला घेतला. खोका खांबाला चुकवून उभा राहील आणि शाफ्ट बरोबर चाळणीच्या शाफ्टच्या रेघेत येईल. अक्कल चांगली होती, त्यात खोट काढता येणार नाही. त्यानं शाफ्टची रेघ आधाराला काढली आणि सगळं यंत्र तिच्यावर चढवलं. मग कळलं की सासरे स्वतः ड्रॉइंग बघायला कारखान्यात येणार आहेत. सासऱ्यांपुढं जाळं कसं दाखवायचं? टिकेशनं शाफ्टच्या रेघेसकट सगळे डोळे मिटले. ईश्वरदासांनी चष्मा लावून पडदा पाहिला, शेजारी उभ्या श्यामलाल सेठला म्हणाले, आरशासारखं आहे. टिकेशचे कान गरम झाले, सुखानं.

त्यानंतर तो मामेभावाच्या लग्नाला गेला, इटियाडोह धरणाच्या कालव्यापाशी मामाचं गाव आहे तिकडं. मागं मोहटोल्यात गवंडी काँक्रीटसाठी खोळंबला. एलेवेटरचे बोल्ट कुठं गाडायचे ते ड्रॉइंग पाहिजे होतं. सेठनं सोनिकाला बसवलं. सोनिकानं टिकेशचं यंत्र उघडलं, फिरवून पाहिलं, तिला शाफ्टची रेघ कुठं दिसेना. तिनं फोन केला. टिकेश पंगतीत बसला होता, एका हातात फोन, दुसरा हात वरणभातात. बँड वाजत होता. सोनिका विचारत होती, शाफ्टची मधली रेघ दिसत नाही सर, खोक्याचा मधोमध धरू का? आणि टिकेशच्या डोक्यात त्या वेळी खांब नव्हता, चार बोटं नव्हती, काही नव्हतं. तो म्हणाला, "दिसते ते धर. माह्या नक्शात सगळं साफ आहे." आणि जिलबी वाढणाऱ्याला त्यानं हात केला.

दिवाळीनंतर आपल्याकडं गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, दंडारीचा नाचगाण्याचा खेळ होतो, नाटक होतं, लेकी-जावई झाडून सारे गावात येतात. ईश्वरदासांनी मिलचा मुहूर्त मोहटोल्याच्या मंडईचाच धरला. फिटर लोकांनी यंत्रं बसवली, पण ईश्वरदासांची अट होती की नारळ फुटायच्या आधी कुणी बटन दाबायचं नाही. पहिला आवाज मुहूर्ताचाच झाला पाहिजे. म्हणून आधी चालवून पाहणं झालंच नाही. नव्या धानाची पोती रचून ठेवली होती, शेडबाहेर अर्धा मोहटोला आणि चार गावांचे सोयरे उभे. श्यामलाल सेठ गोंदियाहून गाडीनं आले. टिकेशच्या कपाळाला टिळा, गळ्यात हार. सोनिका बायकांच्या घोळक्यात पुढं उभी होती, नवी साडी नेसून, कारण हे तिचंही पहिलंच यंत्र होतं.

नारळ फुटला, बटन दाबलं. चाळणीच्या शाफ्टवरून एलेवेटरच्या शाफ्टला फिरवणारा पट्टा क्षणभर फिरला आणि पुलीवरून घसरून खाली पडला. फिटरनं चढवला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडताना त्यानं एका माणसाचं पागोटं उडवलं आणि पोरं हसली. मग फिटर लोकांनी सूत धरलं आणि सगळ्यांना दिसलं: खोका खांबाला जाऊन टेकला होता आणि एलेवेटरचा शाफ्ट चाळणीच्या शाफ्टपासून चार बोटं सरकून बसला होता. बोल्ट काँक्रीटमध्ये गाडलेले. आता ते फोडल्याशिवाय इलाज नव्हता.

टिकेशला पाहताक्षणीच कळलं. मिटलेली रेघ, वरणभात, फोन, सगळं एकदम समोर उभं राहिलं. त्यानं तोंड उघडलंही होतं. पण सेठनं विचारलं, ड्रॉइंग किसका है, आणि टिकेशच्या आधी ईश्वरदास बोलले. म्हणाले, जवाईबापूंचा नक्शा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे, त्यात कुसळ नव्हतं. बोल्टाचा कागद कोणाचा? कुणीतरी म्हणालं, सोनिकाचा. आणि ती सगळी गर्दी, सोयरे, म्हातारे, बाया, एका अंगानं सोनिकाकडं वळली.

सोनिका घाबरली नाही. तिनं सरळ टिकेशकडं पाहिलं आणि म्हणाली, "मी फोनवर विचारलं होतं. सरांनी सांगतलं, दिसते ते धर."

आता सगळे टिकेशकडं बघत होते. सासरे, सेठ, गळ्यातला हार, पलीकडं डोक्यावर पदर घेतलेली दुलारी. होय म्हणायला किती वेळ लागतो? पण त्याला त्या वेळी बालाघाटचा मिलवाला आठवला, अंगावर पडलेला कागद आठवला, आणि तोंडातून निघालं ते वेगळंच.

"मले तं याद नाही," टिकेश म्हणाला.

सेठनं तिथंच सोनिकाला सांगून टाकलं की उद्यापासून येऊ नको. कुणी म्हणालं, पोरीच्या हाती यंत्र द्यायचंच कशाला. कुणी म्हणालं, जवाईबापूंचं नाव घेते वर, पाहा तोंड. टिकेश हार काढून हातात धरून उभा राहिला आणि जमिनीकडं पाहत राहिला. तो गप्प राहिला म्हणून लोकांना वाटलं, बिचारा किती सोशिक.

एवढ्यावर संपलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. दुपारी ईश्वरदासांच्या ओसरीवर पानं मांडली होती आणि टिकेश पाटावर बसला होता, तेव्हा बकाराम आला. धोतर धुतलेलं, हातात आपल्या घरचा पितळी लोटा आणि परात. तो टिकेशपुढं उकिडवा बसला आणि साऱ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाला, "जवाईबापू, पोरीची चूक झाली. लहान आहे. माफी करा." आणि त्यानं टिकेशचा पाय परातीत घेतला. टिकेशनं पाय ओढून घ्यायला हवा होता. उठून उभं राहायला हवं होतं. त्यानं यातलं काही केलं नाही. बकारामच्या बोटांना चिखलाच्या भेगा होत्या, त्या त्याच्या टाचेला लागत होत्या. पाणी गार होतं. टिकेशनं एक पाय दिला, मग दुसरा दिला, आणि नंतर पानावर बसून जेवलाही. जेवण गेलं कसं याचं त्याला आजही नवल वाटतं आणि स्वतःची किळस येते.

गोंदियाला परत आल्यावर त्यानं कारखान्यात संगणक उघडला आणि एलेवेटर काढला. शाफ्टच्या रेघेपुढचा मिटलेला डोळा होता, त्यावर टिचकी मारली. रेघ उमटली. खोक्याच्या मध्यापासून चार बोटं बाजूला, सरळ, तुटक. टिकेश तिच्याकडं बघत बसला. तेव्हाही सेठच्या खोलीपर्यंत दहा पावलंच होती. तो उठला नाही. बोल्ट फोडून नवे गाडले गेले होते, मिल सुरू झाली होती, आता सांगून कुणाचं काय भलं होणार, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. भित्र्या माणसाला समजूत घालायला दुसरं कुणी लागत नाही.

पण त्या दिवसापासून त्यानं एकही रेघ झाकली नाही. ड्रॉइंग निघायचं ते सगळे डोळे उघडे ठेवून. सेठ ओरडला, गिऱ्हाइकं हसली, पुन्हा कुणी मकड़ी का जाला म्हणालं. टिकेश ऐकून घ्यायचा. त्याला ते हसणं आता बरंच वाटायचं, जणू त्यानं काही फिटत होतं. काही फिटत नव्हतं. हसत होते ते त्याच्या कागदाला. ज्या गोष्टीवर थुंकायला हवं होतं तिची कुणाला खबरच नव्हती.

सोनिकाला गोंदियात दुसरीकडं काम मिळालं नाही. मिलवाल्यांचं जग केवढं? हिचं नाव घेतलं की लोक म्हणत, ती का, चार बोटंवाली? हे नाव मोहटोल्यातच पडलं आणि गाडीनं गोंदियापर्यंत गेलं. ती घरी बसली आणि आईबरोबर विड्या वळू लागली. टिकेश सासरी जायचा तेव्हा शेजारच्या ओसरीवर मांडीवर सूप घेऊन तेंदूची पानं कापणारी सोनिका दिसायची. ती मान वर करून म्हणायची, आले का भाऊजी, आणि पुन्हा पानात बघायची. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. टोमणा असता तर टिकेशला झोप लागली असती. बकाराम तर दर वेळी उठून उभा राहायचा. टिकेश हळूहळू सासरी जाणंच टाळू लागला. दुलारी भांडली, माझं माहेर तुम्हाला कायले टोचते म्हणून. एकदा त्यानं तिला सांगायला तोंड उघडलं आणि शेवटी भाजीत मीठ कमी आहे म्हणाला. मीठ बरोबर होतं.

पुढं तिरोड्याला वीजप्रकल्पाचं मोठं बांधकाम निघालं. तिथल्या एका ठेकेदाराला ड्रॉइंगवाले हवे होते आणि त्याला मोहटोल्याची चार बोटं माहीत नव्हती. सोनिका तिथं लागली, मग नागपूरला गेली, चांगलं नाव काढून राहिली. टिकेशला ऐकून हलकं वाटलं आणि हलकं वाटल्याची पुन्हा लाज वाटली. तिनं आपलं आपण सावरलं होतं, त्यात त्याचा हात नव्हता.

आणि मग दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात बकाराम टिकेशच्या गोंदियाच्या घरी आला. सोनिकाचं लग्न ठरलं होतं. आपल्यात लग्नघरची सारी कामं एक जावई अंगावर घेतो, मांडव घालण्यापासून वरात काढण्यापर्यंत. त्याला सवासा म्हणतात आणि त्याचा मान नवऱ्याच्या खालोखाल. बकारामला सख्खा जावई नव्हता, त्यामुळं गावातल्या कुठल्याही जावयाला तो सांगू शकत होता. तो टिकेशला सांगायला आला होता. दुलारीला इतका आनंद झाला की ती आत जाऊन रडली. टिकेशला नाही म्हणायला जागाच राहिली नाही.

त्यानं मांडव घातला. आयुष्यात कधी केलं नसेल असं काम केलं. खांबांच्या खड्ड्यांसाठी सूत धरलं, जांभळाच्या फांद्या स्वतः तोडून आणल्या, पाण्याची टाकी, वाजंत्री, आचारी, सगळं. लोक म्हणाले, सवासा असावा तर असा. सोनिका दोनदा समोर आली. एकदा तिनं त्याला पाणी आणून दिलं. टिकेश मनात बोलायची वाक्यं जुळवत होता आणि प्रत्येक वेळी कुणीतरी हाक मारायचं, जवाईबापू, गॅस संपला.

वरात आली. लग्न लागायच्या आधी मांडवात सवाशाचे पाय धुवायचे, अशी बकारामच्या घरची रीत. टिकेशला पाटावर बसवलं. सगळा मोहटोला जमलेला, ईश्वरदास आता थकलेले, खुर्चीवर बसलेले, समोर वरपक्षाची माणसं. तेवढ्यात नवऱ्याचा कुणी गमत्या काका म्हणाला, सूनबाईबद्दल ऐकलं आहे जी आम्ही, चार बोटं इकडंतिकडं सरकते म्हणून, मांडव तरी सरळ आहे ना? वरपक्ष हसला. आणि मोहटोलाही हसला, तिच्याच गावचे लोक. दाराच्या चौकटीत हळदीनं पिवळी झालेली सोनिका उभी होती. तिचा चेहरा हलला नाही. सात वर्षांत तो चेहरा असा दगडासारखा करायला ती शिकली होती, आणि तिला शिकवणारा इथं पाटावर टिळा लावून बसला होता.

बकाराम लोटा घेऊन पुढं बसला तेव्हा टिकेशनं हात वर केला. म्हणाला, थांबा.

"तो नक्शा सोनिकाचा चुकला नव्हता," तो म्हणाला. "चूक माही होती. शाफ्टची रेघ मीच लपवली होती. तिनं फोन करून विचारलं, मीच म्हनलो दिसते ते धर. अन साऱ्याइच्या समोर मी खोटं बोललो."

टिकेशला वाटलं, आता होईल ते होऊ दे. कुणी उठून तोंडात मारली असती तर त्यानं आनंदानं खाल्ली असती.

ईश्वरदासांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "पाहा," ते वरपक्षाला म्हणाले, "पोरीच्या लगनात तिचा दोष आपल्या अंगावर घेतला. असा जवाई भेटाले भाग्य लागते."

बाया मान डोलावू लागल्या. टिकेश म्हणाला, नाही जी, खरंच सांगून राहिलो. तो जितकं खरं म्हणत गेला तितके लोक गहिवरत गेले. दुलारीचा चेहरा अभिमानानं फुलला होता. गमत्या काकांनी पुढं येऊन हात जोडले आणि म्हणाले, मोठं मन आहे तुमचं, मी उगाच बोललो. सेवकरामनं त्याच्या कपाळावरचा टिळा आणखी मोठा केला. टिकेशनं चौकटीकडं पाहिलं. सोनिकानंही त्याच्याकडं एकदा पाहिलं, आणि ती आत गेली.

वाजंत्री पुन्हा सुरू झाली. त्या गलक्यात बकारामनं टिकेशचा उजवा पाय परातीत घेतला आणि मान खाली घालूनच, फक्त त्याला ऐकू जाईल असं बोलला.

"पोरीनं मले त्याच दिवशी सांगतलं होतं जी, फोनचं."

टिकेशनं विचारलं, मग त्या दिवशी माझे पाय कायले धुतले?

"तुमी तोंड उघडलं असतं तं धुतले नसते," बकाराम म्हणाला. "मी लोटा घेऊन आलो, वाट पाहिली. तुमी पाय देला. मंग काय करता? दुलारी आमची पोर. तिले तुमच्या घरी राहाचं होतं."

त्यानं पायावर पाणी सोडलं, बोटांच्या बेचक्यातून हात फिरवला, गमछ्यानं पाय नीट पुसला आणि बाजूला ठेवला.

"आना," तो म्हणाला, "दुसरा."

सगळं गाव बघत होतं. टिकेशनं दुसरा पाय पुढं केला.